कागदावरचं ड्रॉइंगही चालतं
आयटीआयच्या पोरांच्या ग्रुपवर फिरतंय की कॉम्प्युटरचं ड्रॉइंग नसेल तर वर्कशॉपवाले काम घेत नाहीत. हे चूक आहे. परवाच एक काका बियाण्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूवर लोखंडी डवऱ्याच्या (कोळपणीच्या अवजाराच्या) पासेचं, म्हणजे पात्याचं, चित्र काढून माझ्या वर्कशॉपवर घेऊन आले. एक चित्र समोरून, एक बाजूनं. लांबी 12 इंच, जाडी 2 सूत, कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत दीड इंच. रेघा वाकड्या होत्या, पण मापं पूर्ण. मला फोन करायची गरजच पडली नाही!

फक्त सूत की मिलिमीटर, ते लिहा. 1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी, नुसते 3 धरले तर 8 सुतांत 1.4 मिमी जातात. लेझर कटिंगला मात्र कॉम्प्युटरची फाइल लागते, तेवढं खरं.