जंगल राखणाऱ्यांचे दावे आधी निकाली काढा

ॲमेझॉनमधले आदिवासी जंगल कसं राखतात हा लेख आवडला, पण पोटापाण्याचा मुद्दा अजून यायला हवा होता. ब्राझील नटचं झाड मळ्यात लावलं तर सहसा नीट फळत नाही, त्याला मोठ्या जंगली मधमाश्या लागतात आणि त्या माश्यांना भोवतीचं जंगल, म्हणून तिथे नट वेचून जगणारा माणूस जंगल उभं राहावं यासाठीच भांडतो. चिको मेंडिस हा ब्राझीलमधला रबराचा चीक काढणारा कामगार, तो हेच भांडला आणि १९८८ मध्ये त्याचा खून झाला, मग १९९० ला त्याच्या नावाने राखीव जंगल झालं, जिथे लोक राहूनच रबर न् नट काढतात.

आमच्या खान्देशात साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, उजाड डोंगर परत हिरवा केला, २०२५ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा खरंच भरून आलं. नियम गावाने केले म्हणून पाळले गेले, नुसते बाहेरून बोर्ड लावून हे होत नाही भाऊ. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून वणवा लागतो, जाळी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात, असल्या गोष्टी पाड्यावर बसूनच ठरतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क आणि गौण वनोपजाची, म्हणजे मोह-डिंकासारख्या जंगलातून वेचायच्या मालाची, मालकी दिलीय, पण या हक्कांच्या दाव्यांसाठी लोक वर्षानुवर्षं चकरा मारतात. ते आधी निकाली काढा, आणि मोह, चारोळी, डिंकाला पाड्याजवळच बरा भाव मिळू द्या, नाहीतर व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावं लागतं.