"तुमच्या लोकांना काय मिळालं?" आणि आपल्याकडचे इतर अवघड प्रश्न

मिरजेत ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. स्टाफरूममध्ये, रेल्वेच्या डब्यात, भाड्याची खोली बघायला गेल्यावर, कधी तर अगदी जिवाभावाच्या मैत्रिणीकडूनही तो येतो. "तुमचे लोक ख्रिश्चन झाले तेव्हा त्यांना काय मिळालं होतं हो?" विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असतंच असं नाही. त्याला लहानपणापासून तेवढंच सांगितलेलं असतं.

आमच्या संडे स्कूलच्या मोठ्या गटातली मुलं हल्ली मोबाइलवर अमेरिकन वक्त्यांचे व्हिडिओ बघतात. उत्क्रांतीवर काय बोलायचं, नास्तिक प्राध्यापकाला कसं गप्प करायचं, सगळं त्यांना पाठ आहे. त्यांच्या मेहनतीचं मला कौतुक वाटतं. पण सांगलीच्या कॉलेजात त्यांना हे विचारणारा कोणी भेटत नाही. तिथे त्यांना विचारतात, "तांदळासाठी धर्म सोडलात ना?" आणि मग एवढे व्हिडिओ बघितलेल्या पोराच्या तोंडून शब्द फुटत नाही. दुसऱ्या देशातल्या प्रश्नांची उत्तरं घोकून आपल्या गावातल्या प्रश्नांना सामोरं जाता येत नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. या प्रश्नांना मी काय उत्तर देते ते आज सविस्तर लिहिते आहे. लांब होईल, पण वाचा.

तर, काय मिळालं? मिळालं, आणि ते लपवण्याचं काही कारण नाही. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या मुलांच्या हातात मिशनने पाटी दिली. आजारी पडल्यावर त्यांच्या अंगाला हात लावून तपासणारा डॉक्टर मिळाला. देवळाच्या पायरीबाहेर थांबणाऱ्या माणसाला प्रार्थनेसाठी आत बसायला जागा मिळाली. याला कोणी आमिष म्हणत असेल, तर माझा उलट प्रश्न आहे: पाणी, पाटी आणि बसायला जागा हे माणसाला आमिष वाटावं, इतकी वेळ त्याच्यावर आणली कोणी?

दुष्काळात धान्याच्या आशेने मिशनच्या दारी आलेले लोकही होते, हे मी मुलांना स्पष्ट सांगते. त्या काळच्या मिशनऱ्यांनाही त्याची काळजी वाटायची. उपाशी माणूस अन्न मिळेल तिथे जातो, त्यात त्याला कमीपणा नाही. पण पोट भरल्यावरही तो तिथे राहिला, नातवंडांना घेऊन आजही दर रविवारी उपासनेला येतो, याचं कारण तांदळात सापडत नाही.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचंच घ्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी ते १८९४ साली सुरू केलं. तिथे उपचार घेतलेली माणसं सांगली, कोल्हापूर, बेळगावपासून कोकणापर्यंत घराघरांत आहेत. ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकीही कोणाचा तरी जन्म तिथलाच असेल. ते सगळं बाटवण्यासाठी होतं असं म्हणणाऱ्यांनी २०११ची जनगणना उघडून बघावी. महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत, आणि त्यातले पुष्कळसे मुंबई, वसई, ठाण्याच्या बाजूचे. आजी-आजोबांचं ऑपरेशन मिशनमध्ये झालं आणि घरात गणपती आजही बसतो, अशी हजारो घरं आपल्या जिल्ह्यात आहेत. ती बघून मला आनंदच होतो. येशूने बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला एकच परत आला. म्हणून बाकीच्या नऊ जणांचा आजार काही त्याने परत आणला नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बहुतेक मित्रांना माहीतच नसते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठरला. पुढे १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे दलित कुटुंबातला माणूस कागदोपत्री ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती त्याच्या हातून जातात. स्वातंत्र्यानंतरची पंचाहत्तर वर्षं हा हिशेब असा उलटा चालला आहे. कॉलेजातल्या मुलांनो, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर शांतपणे हे सांगा. आवाज चढवू नका.

याच्याच जोडीने आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे. गावोगाव काही प्रचारक "प्रार्थनेला या, शुगर जाईल, गोळ्या बंद करा" असं सांगत फिरतात. हे पाप आहे. ज्या मिरजेत प्रभूच्या नावाने ऑपरेशन थिएटर उभं राहिलं, तिथे त्याच प्रभूच्या नावाने कोणाची औषधं सोडवणं मला सहन होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्यातल्या काहींना तो निकाल खुपतो. मला त्यात विश्वासाला धक्का देणारं काही दिसत नाही. मन पालटणं हे माणसाचं काम नाही, असं आपलं पवित्र शास्त्रही सांगतं.

"हा परदेशी धर्म" हा आक्षेप त्या मानाने सोपा आहे. येशू आशियातला. केरळातली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आपली परंपरा येशूच्या शिष्यांपैकी प्रेषित थोमापर्यंत नेते. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत १६१६ साली छापलं गेलं, तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. आणि ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. १८१३पर्यंत तिने त्यांना आपल्या मुलखात मोकळीक दिली नाही. विल्यम कॅरी यांना बंगालमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात राहून काम करावं लागलं आणि मराठी नवा करार तिथूनच १८११ला निघाला. पण हे सांगून झालं की लगेच गोव्याचंही सांगा. तिथे १५६० पासून धर्मन्यायालयाने लोकांना तुरुंगात टाकलं, छळलं, जाळलं, आणि हे सगळं क्रुसाच्या नावाने केलं. त्यावर "पण त्या काळी सगळेच राजे असे होते" म्हणू नका. ते चुकीचं होतं एवढंच म्हणा आणि थांबा.

त्र्येक देवाबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव या शिकवणीबद्दल, थोडक्यात. बर्फ-पाणी-वाफेचं उदाहरण कृपा करून बंद करा. त्यातून एकच देव तीन सोंगं घेतो असं होतं, आणि ती शिकवण मंडळीने फार पूर्वीच नाकारली आहे. मी मुलांना एवढंच सांगते: देव एकच, हे रोज म्हणणारे कट्टर यहुदी लोक येशूबरोबर राहिले, त्याला मेलेला पाहिला, मग जिवंत पाहिला, आणि त्याला प्रभू म्हणून प्रार्थना करू लागले. एकच देव हा विश्वास त्यांनी सोडला नाही आणि येशूलाही सोडलं नाही. त्र्येकाची शिकवण या दोन्ही गोष्टी एकत्र धरते. ती पूर्ण समजली असं कोणी सांगितलं, तर मला त्याची काळजी वाटते.

"बायबल बदललं" आणि "बादशहा कॉन्स्टंटाइनने पुस्तकं निवडली" हे व्हॉट्सॲपवर नेहमी येतं. ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत वाद ख्रिस्ताच्या देवपणाचा होता, पुस्तकांच्या यादीचा नव्हे. नव्या कराराच्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी पुढे ३६७ साली अथनासियस या बिशपच्या पत्रात दिसते. जुन्या कराराचं म्हणाल, तर मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये १९४७ साली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षं जुनी होती. लिखाणातले बारीकसारीक फरक सोडले तर मजकूर तोच. पण याचीही दुसरी बाजू मी वर्गात सांगते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा भाग सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये नाही. अनेक आवृत्त्या ते कंसात छापतात किंवा तळटीप देतात. मुलांना हे इंटरनेटवर वाचून धक्का बसण्याआधी संडे स्कूलमध्ये कळलेलं बरं. एका मुलीने ते ऐकून विचारलं, "मग बाई, ते आधीच का नाही सांगितलं आम्हाला?" तिचं बरोबरच होतं. मंडळीत हे आधीच सांगायला हवं होतं.

येशू भारतात आला होता, असंही ऐकवतात. ही कथा मुख्यतः नोटोविच नावाच्या रशियन लेखकाने १८९४ साली पसरवली. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला तसा ग्रंथ वाचून दाखवला, असा त्याचा दावा होता. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक तिथे जाऊन आले, आणि मठाच्या प्रमुखांनी असं काही घडलं नसल्याचं सांगितलं. विषय संपला.

खरा जड प्रश्न दुःखाचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ब्रह्मनाळला लोकांना वाचवायला निघालेली बोट उलटली, त्यात बाया आणि लहान मुलंही गेली. त्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये पूरग्रस्तांसाठी पोळ्या लाटत असताना शेजारच्या एक काकू मला म्हणाल्या, "तुमचा देव प्रेमळ ना? मग कुठे होता तो?" मी हातातलं काम ठेवलं आणि त्यांच्याजवळ बसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण काय म्हणायचं नाही ते मला ठाऊक आहे. "देवाची इच्छा" म्हणायचं नाही. "पापाचं फळ" तर मुळीच म्हणायचं नाही. येशूच्या काळात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का, असं त्याने विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. बायबलमध्ये ईयोब नावाच्या सज्जन माणसावर दुःखाचा डोंगर कोसळतो; त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते चांगले मित्र होते. मग ते कारणं सांगू लागले. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या कारणं देणाऱ्यांवर. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर तो तसा रागावत नाही.

आमचा देव कारण सांगत नाही. तो येशूच्या रूपात आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडतो, आणि क्रुसावर स्वतःच "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं विचारतो. ज्याच्या तोंडून हा प्रश्न आला, त्याच्यासमोर मी माझा प्रश्न न लाजता मांडू शकते. मी ख्रिस्ती राहिले आहे त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. एखाद्याला ते पुरेसं वाटणार नाही, हेही मला समजतं.

दुसरा जड प्रश्न घरातून येतो. "येशू हाच एक मार्ग, तर आपले पणजोबा, तुकोबा, गाडगेबाबा कुठे गेले?" एवढ्या प्रेमाने विचारलेल्या प्रश्नाला "नरकात" असं तडकाफडकी उत्तर देणाऱ्यांना मी वर्गात बोलू देत नाही. रेव्ह. ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं सांगत. १८९५ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या विश्वासात आल्या. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांना त्यात जागा होती. साताऱ्याच्या ख्रिस्ती तरुणांना हे माहीत असायला हवं, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. मी स्वतः मानते की तारण ख्रिस्तातच आहे. पण त्याच्या दयेची हद्द कुठवर, हे आखण्याचा अधिकार मला कोणी दिला? "सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?" असं अब्राहामाने देवालाच विचारलं होतं. माझ्या पणजोबांना मी त्या न्यायाधीशाच्या हाती निर्धास्त सोपवते.

शेवटचा आक्षेप बाहेरच्यांनी घेतला तरी बोचतो, आणि आपल्या पोरांनी घेतला तर जास्तच. "तुमच्यात जात नाही ना? मग लग्नाच्या वेळी 'मूळचे कोण' का विचारता?" बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या झाल्या, आडनावं तीच राहिली, आणि स्थळ आलं की आपले वडीलधारे हळूच तेच विचारतात. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका मुलाने भर वर्गात हे काढलं. त्याचं लग्न याच कारणावरून मोडलं होतं, दोन्ही घरं एकाच चर्चमध्ये येणारी. माझ्याजवळ वचनं होती: ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. ती त्यालाही पाठ होती. मी ती म्हटली नाहीत. पाळकसाहेबांशी बोलले, चर्चच्या पंचकमिटीत विषय मांडला, आणि मुलीच्या वडिलांना स्वतः जाऊन भेटले. ते अजून ऐकलेले नाहीत. मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी पाळकसाहेब बरोबर येणार आहेत. त्या मुलाला तोवर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.