तुमच्या ‘कारकून’ या शब्दाला उत्तर

नमस्कार.

टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबचा जुना खेळाडू-मॅनेजर जॉन कॅमेरॉन याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. १९०१ च्या एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल कपची, टॉटनहॅम आणि शेफील्ड युनायटेडमधली फायनल लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर २० एप्रिलला झाली आणि ती बरोबरीत सुटल्यामुळे बोल्टनमध्ये पुन्हा खेळलेला सामना, म्हणजे रिप्ले, २७ एप्रिलला. मी दोन्हींना एकच तारीख लावली होती. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

आता तुमचं ते वाक्य. ‘गोल सँडी ब्राउनने मारले, कॅमेरॉन म्हणजे टॉटनहॅमचे कागद सांभाळणारा कारकून, अर्धवट वाचून कुणालाही डोक्यावर घेऊ नका.’ तारीख चुकली म्हणून दोन शब्द ऐकून घेतले असते. पण ‘अर्धवट वाचून’? अहो, माणसाशी असं बोलतात का? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. वडीलधाऱ्याने पोराचा कान धरावा तसा हा सूर कशासाठी?

टॉटनहॅमच्या ब्राउनचं मोठेपण मी कुठे नाकारलं? त्या स्पर्धेत त्याने १५ गोल केले, हे माझ्याच लेखात आहे. पण रिप्लेत हाफ टाइमला शेफील्ड युनायटेड एका गोलने पुढे होती. समोर गोलात फूकसारखा डोंगराएवढा माणूस. तिथे बरोबरीचा गोल कुणी मारला? तुमच्या कारकुनाने. मग स्मिथ, मग ब्राउन, ३-१. टॉटनहॅम तेव्हा सदर्न लीगमधली, म्हणजे मुख्य फुटबॉल लीगबाहेरची टीम होती. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही टीमला हा कप आजवर जिंकता आलेला नाही. आणि ती टीम बांधणारा, तिचा सेक्रेटरी, तिचा मॅनेजर आणि मैदानावरचा खेळाडू हा एकच माणूस होता. १८९९ मध्ये ही सगळी जबाबदारी अंगावर आली तेव्हा त्याचं वय २६.

‘कागद सांभाळणारा’ हे मला जास्त लागलं, का ते सांगतो. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या टीमचा मी चौदा वर्षं चिटणीस होतो, त्यातली पहिली सहा वर्षं स्वतः हाफला खेळलो. सकाळी नोंदणीच्या फॉर्मवर पोरांचे फोटो डिंकाने चिकटवायचे आणि बोटांचा डिंक जायच्या आत शाहू स्टेडियमवर बूट बांधायचे. एका हंगामात दुसऱ्या एका टीमने एका पोराचा ना हरकत दाखला अडवून धरला. कारण काही नाही, आमच्याकडे यायचं म्हणाला एवढंच. पायात बूट घालूनच यायचा तो, दर मॅचला, ‘दाखला आला का हो दादा?’ असं विचारायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा. अख्खा हंगाम गेला त्याचा. एका कागदावर खेळाडूचं काय होतं ते मी तेव्हा बघितलंय. त्यामुळे कागद सांभाळणं म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवू नका.

इंग्लंडमध्ये तेव्हा तोच कागद धंदेवाईक खेळाडूच्या गळ्याचा फास झाला होता. एकदा क्लबकडे नोंद झाली की क्लबने सोडल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. एव्हर्टनला असताना कॅमेरॉन क्युनार्ड जहाज कंपनीत नोकरी करून हौशी म्हणून खेळायचा. त्याची चूल फुटबॉलवर चालत नव्हती. तरी १८९८ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली तेव्हा अध्यक्ष जॅक बेल आणि सेक्रेटरी हाच. क्लब बदलण्याच्या बोलणीत खेळाडूलाही तोंड उघडता यावं, ही मागणी. संघटना फार टिकली नाही आणि १९०१ पासून तर पगारावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. पण कागदाची ताकद कळलेलाच माणूस अशा कामात हात घालतो. तुमच्या भाषेत, कारकूनच.

बाकी तुम्ही लिहिलंय की टीम बाहेरच्या खेळाडूंची होती. होती. स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडची माणसं होती, मग? स्कॉटलंडकडून कॅमेरॉन एकच सामना खेळला, हेही खरं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. लेख लांबला म्हणता, तर पुढे वाचू नका, सक्ती नाही.

पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या रूलेबेनच्या छावणीत तो कैदेत होता. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान ते. इंग्लंडच्या स्टीव्ह ब्लूमरसारखे नामांकित खेळाडू तिथेच अडकलेले, आणि तिथेही फुटबॉलचे सामने भरवण्याच्या कामात कॅमेरॉन होताच. तो भाग रविवारी टाकतोय. त्यावर काय बोलायचं ते बोला, तारखाही तपासा. फक्त माणसासारखं बोला.