मोजणी वाडीवरच्या पोरांकडेच द्या
आदिवासींना स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनात नुसतं लाभार्थी ठेवू नका, असं सांगणारा लेख वाचला; मुद्दा पटला. कोल्हापूरच्या गगनबावडा-राधानगरीकडच्या धनगरवाड्यांनाही तो लागू आहे, जमातीच्या यादीत नसले तरी. तिथल्या सौर दिव्यांचंच बघा. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे ४८० वॅट-तास वीज. त्यातले निम्मेच वापरायचे. ९ वॅटचे दोन दिवे रोज ५ तास लावले की ९० वॅट-तास जातात. आषाढात ऊन आठ-आठ दिवस गायब! तिसऱ्या रात्री बॅटरी बसते, तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो नि ती खराब होते. वर्षाच्या सरासरी उन्हावर आखणी करणाऱ्यांना हे दिसणार कुठून? दर १० मिनिटांनी व्होल्टेज नोंदणारा लॉगर तिथल्याच मुलामुलींकडे द्या, मानधनासकट. लॉगरचा डबा मात्र चुलीच्या धुरापासून लांब बसवा.