हळकुंड मोडून बघतो, तोंडाचं काय?

गेल्या महिन्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा आधी छताकडे, मग हळूच तोंडाकडे. दोन्ही गाल लालभडक, डोळ्यांखाली सूज. "मावशी, आईला सांगू नकोस." साखरपुडा नऊ दिवसांवर.

पोरीनं सेलमध्ये व्हिटॅमिन सी सीरम, ग्लायकॉलिक ॲसिडचं टोनर, रेटिनॉल, फेसवॉश आणि सनस्क्रीन असं सगळं एकदम मागवलं आणि पार्सल फोडलं त्या रात्रीपासून सगळंच चालू केलं. चौथ्या दिवशी हे. कशानं झालं म्हणून विचारलं तर तिलाही सांगता येईना. पाच जणांनी मिळून चोरी केल्यावर पकडायचं कुणाला? मिरजेतल्या डॉक्टरांनीही आधी सगळं बंद करायला लावलं.

आमचं घर हळदीतलं. यार्डात कुणीही हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय बोली लावत नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मोडून बघणं काही सुटलं नाही. सांगलीत हरभट रोडला साडी घेताना आपण पदर चुरगाळून बघतो. आणि तोंडाला लावायची वस्तू मात्र कुणाचं तरी रील बघून थेट गालावर!

नवी वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी करायचं एवढंच असतं. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायचं. धुवायची वस्तू असेल तर चेहऱ्यावर ठेवतो तेवढाच वेळ ठेवायची. तिथं काही झालं नाही तरच चेहऱ्यावर, आणि तेही एका वेळी एकच नवी वस्तू. "रात्री लावलं, सकाळी काही नाही, म्हणजे पास" हा हिशेब चुकतो, कारण ॲलर्जी बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उठते. डॉक्टर पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावतात, त्या दोन दिवसांनी काढतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी परत बघतात, ते यासाठीच.

"आम्ही नैसर्गिकच लावतो ओ" म्हणणाऱ्यांनी हसू नये. कॉलेजात असताना मी तोंडाला लिंबू चोळून एप्रिलच्या उन्हात गच्चीवर सांडगे घालायला बसले होते. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक? गालावरचे काळे डाग दिवाळीपर्यंत टिकले. आणि हळदीची, कुंकवाचीही ॲलर्जी असते काही जणांना. हळदीच्या घरातली असून सांगते.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून मिळणाऱ्या, गोरं करणाऱ्या त्या बारक्या ट्यूबा. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. २०१८ सालापासून या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, कागदावर तरी. गंमत म्हणजे ही ट्यूब कोपरावरच्या परीक्षेत सहज पास होते! स्टेरॉइड सूज आणि लाली दाबूनच टाकतं, मग हातावर दिसणार काय? सुरुवातीला चेहरा असा उजळतो की शेजारीण नाव विचारायला येते. पुढं कातडी पातळ होते, मुरूम उठतात, केस येतात आणि बंद करावं तर आग आग होते. सवय लागलेली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच सोडवा.

बिनलेबलच्या डब्या तर हातातही घेऊ नका. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, यातलं काहीच नसेल तर आत काय आहे हे देवालाच ठाऊक. गोरं करणाऱ्या असल्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. आपल्या २०२० च्या नियमांनी पारा घालायला बंदी आहे. तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो.

भाचीच्या चेहऱ्यावरची सूज-लाली साखरपुड्यापर्यंत बरीचशी उतरली, नुसत्या साध्या बिनवासाच्या मॉइश्चरायझरवर आणि डॉक्टरांच्या औषधावर. उरलेलं फोटोग्राफरनं सांभाळलं. आता ती एकेक वस्तू कोपरावर तपासते आहे. पहिला नंबर सनस्क्रीनचा, आणि रोज संध्याकाळी मला कोपराचा फोटो येतो. ताई परवा विचारत होती, हे काय चाललंय तुमचं दोघींचं? ती फेसबुकवर नाही म्हणून एवढं लिहिलं.