बँकॉकपर्यंत गाडीने? थांबा, रस्ता अजून अपुरा आहे

‘भारत–म्यानमार–थायलंड महामार्ग सुरू झाला, आता गाडी काढा आणि थेट बँकॉक गाठा,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो खरा नाही.

मणिपूरमधल्या मोरेपासून म्यानमारमार्गे थायलंडच्या मे सोतपर्यंतचा हा सुमारे १३६० किलोमीटरचा मार्ग. कल्पना २००२ची. जुलै २०२३मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी सुमारे ७० टक्के काम झाल्याचे सांगितले होते. बहुधा तेवढा आकडा उचलून कुणीतरी ‘सुरू झाला’ असे लिहिले असावे. पण अडलेला भागच सगळ्यात महत्त्वाचा आहे. म्यानमारमधल्या तामू ते कलेवा या टप्प्यातले ६९ पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, अरुंद. ते नव्याने बांधणे आणि पुढचा कलेवा–यार्गी हा १२० किलोमीटरचा रस्ता, ही दोन्ही कामे भारताने अंगावर घेतली. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, त्यानंतर याच भागात लढाई पेटली. तिथे रस्ता बांधणे म्हणजे मजुरांचा जीव टांगणीला लावणे. मे २०२३पासून मणिपूरही वांशिक हिंसाचारात होरपळले.

शिवाय नुसत्या डांबराने सीमा ओलांडता येत नाही. तिन्ही देशांत वाहनांना मोकळी ये-जा देणारा करार चर्चेत राहिला, त्यावर सह्या झालेल्या नाहीत. त्याशिवाय तुमची नंबरप्लेट पलीकडे चालणार नाही.

असल्या मजकुरावर विसंबून कुणी सहलीचे पैसे भरू नयेत, ही कळकळीची विनंती.