‘कोणी सापडलं का शेवटी?’ – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

इटलीतल्या युव्हेंटस या फुटबॉल क्लबाने खेळाडूंना औषधं दिल्याच्या, तुरिनमध्ये चाललेल्या खटल्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली पुण्याच्या एका वाचकांनी चांगली ऐसपैस प्रतिक्रिया टाकली आहे. ते १९९६ पासूनचे युव्हेंटसवाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: क्लबचा डॉक्टर निर्दोष सुटला हे मी लपवलं. त्या वर्षांत एकही खेळाडू चाचणीत सापडला नाही, मग आरोप कसला? फुटबॉल हा कौशल्याचा खेळ, इंजेक्शन टोचून ड्रिबलिंग येत नाही. डोपिंग आणि फिक्सिंग हे दोन वेगळे विषय मी मुद्दाम एकाच पातेल्यात ढवळले. आणि जाता जाता: ‘मेडिकल दुकानदाराने गोळ्या विकाव्यात, फुटबॉल आमच्यावर सोडावा.’

शेवटचं आधी घेतो. गोळ्या विकतो, खरं आहे. पण दुकान कोल्हापुरात आहे. इथे पेठेतल्या माणसाने फुटबॉल दुसऱ्या कोणावर सोडलाय असं मी तरी अजून पाहिलं नाही. आणि ज्या खटल्याबद्दल आपण भांडतोय त्यात फुटबॉल कमी आणि औषधांची यादीच जास्त होती, म्हणून तर मी त्यात पडलो.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो बरोबर आहे, चूक माझी. २६ नोव्हेंबर २००४ ला क्लबचे डॉक्टर रिकार्दो आग्रिकोला यांना एक वर्ष दहा महिन्यांची शिक्षा झाली, एवढं लिहून मी थांबलो. डिसेंबर २००५ मध्ये अपिलात ते सुटले हे लिहायलाच हवं होतं. क्लबचे कार्यकारी प्रमुख अंतोनिओ जिराउदो तर पहिल्याच निकालात सुटले होते, तेही राहिलं. मूळ लेखात दोन्ही दुरुस्त्या टाकल्या आहेत. लपवायचा हेतू नव्हता. रात्री अकराला शटर ओढून लिहायला बसलो की असं होतं, पण ती सबब झाली.

मात्र ‘सुटले’ या शब्दावर तुम्ही जेवढा भार टाकलाय तेवढा तो पेलत नाही. ते सुटले कसे ते बघा. आरोपाचे दोन भाग होते. एक, ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन) दिल्याचा. तिथे अपील न्यायालय म्हणालं की असं घडल्याचं सिद्ध होत नाही. ठीक, तो विषय संपला, आणि म्हणूनच मी ‘युव्हेंटसने ईपीओ वापरलं’ असं आधीही लिहिलं नव्हतं, आजही लिहिणार नाही. दुसरा भाग होता आजार नसताना खेळाडूंना सर्रास औषधं दिल्याचा. तिथे न्यायालय ‘असं घडलं नाही’ म्हणालं नाही. ते म्हणालं की हे या कायद्याने गुन्ह्यात बसत नाही. पुढे २००७ मध्ये प्रकरण इटलीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. दुसऱ्या भागाबद्दल त्या न्यायालयाला अपिलाचा निकाल पटला नाही, पण तोवर खटला चालवण्याची कायद्याची मुदत उलटून गेली होती. आपल्याकडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही या दोन सुटकांमधला फरक सांगावा लागणार नाही.

आणि तो कायदा कुठला होता? १९८९ चा, ४०१ क्रमांकाचा, क्रीडा-फसवणुकीचा. सामने विकण्या-विकत घेण्याला आळा घालण्यासाठी केलेला. इटलीत १९८० मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये सट्ट्याची प्रकरणं उघडकीला आली, त्यानंतरचा हा कायदा. डोपिंगसाठी स्वतंत्र फौजदारी कायदा आला थेट २००० च्या डिसेंबरात, आणि खटला होता १९९४ ते १९९८ च्या काळाबद्दलचा. म्हणजे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांना फिक्सिंगच्या कायद्याखाली औषधांचा खटला चालवावा लागला. ते पातेलं मी ढवळलं नाही हो, तुरिनच्या न्यायालयातच चुलीवर चढलं होतं.

क्लबच्या औषधसाठ्यात २८१ प्रकारची औषधं होती. लेखात या आकड्यावरून मी जरा नाट्य केलं, ते थोडं खाली उतरवतो. माझ्या दुकानात हजारो आहेत, २८१ म्हणजे दोन कपाटं. त्यातली बहुतेक बंदीच्या यादीत नव्हती. दुखण्यावरचं व्होल्टारेन होतं, जे आपल्याकडे व्होव्हेरान म्हणून प्रत्येक गल्लीत मिळतं. क्रिएटिन होतं, ते आजही बंदीत नाही. पण दुकानदार म्हणून मला खटकतं ते वेगळंच. दोन कपाटं औषधं मी ठेवतो ती अख्ख्या पेठेसाठी: म्हातारी माणसं, बाळंतिणी, दमेकरी, साखरवाले. तिथे गिऱ्हाईक होतं पंचवीस-तीस धट्टीकट्टी माणसं, इटलीतली सगळ्यात निरोगी! सरकारी बाजूचा तज्ज्ञ म्हणाला की एखाद्या छोट्या इस्पितळाला शोभेल असा हा साठा आहे. माझ्याकडे कोणी निरोगी माणसासाठी हृदयाची आणि नैराश्याची औषधं मागायला आला तर मी चिठ्ठी बघतो, मग त्याच्या तोंडाकडे बघतो.

आता तुमचा हुकमी एक्का: ‘एकही सापडला नाही.’

तीनशे दिवस गस्त घातली, एकही चोर सापडला नाही, असं चौकीदार म्हणाला तर गावकरी आधी विचारतात की बाबा, तू जागा होतास का? इटलीतल्या फुटबॉलपटूंचे लघवीचे नमुने रोममधल्या अक्वा अचेतोझा इथल्या प्रयोगशाळेत जायचे. १९९८ मध्ये रोमा क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक झेमन फुटबॉलमधल्या औषधांबद्दल बोलले, ग्वारिनिएल्लोंनी चौकशी लावली आणि बाहेर आलं की फुटबॉलपटूंच्या नमुन्यांत ॲनाबॉलिक स्टिरॉइड आहेत का हे नीट तपासलंच जात नव्हतं. प्रयोगशाळेची मान्यता गेली. इटलीच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष मारिओ पेस्कान्ते यांना राजीनामा द्यावा लागला. हे युव्हेंटसचं पाप नव्हे, सगळ्याच क्लबांचे नमुने तिथे जायचे. पण ज्या परीक्षेत पेपरच तपासले नाहीत तिचा शंभर टक्के निकाल तुम्ही मला दाखवताय.

ईपीओचं तर त्याहून सोपं. त्यावर बंदी १९९० पासून, पण ऑलिंपिकमध्ये ते पकडणारी चाचणी पहिल्यांदा वापरली गेली २००० मध्ये, सिडनीला. मधली दहा वर्षं बंदी होती आणि पकडायला काहीच नव्हतं.

ईपीओ म्हणजे काय हे मला पुस्तकातून वाचावं लागत नाही. माझ्या फ्रिजमध्ये ते असतं, वरून दुसऱ्या कप्प्यात. आधीच भरलेली बारीक सिरिंज, दोन ते आठ अंशांत ठेवायची, देताना बर्फाच्या पाकिटासोबत द्यायची, हलवायची नाही. आमच्या मागच्या गल्लीतले एक काका डायलिसिसवर आहेत, त्यांचा मुलगा ती न्यायला येतो. मूत्रपिंड धड असलं की हे संप्रेरक शरीर स्वतःच बनवतं आणि हाडातल्या मगजाला लाल पेशी बनवायला सांगतं. मूत्रपिंड थकलं की निरोप जात नाही, हिमोग्लोबिन सातावर येतं, माणूस जिना चढताना मध्येच बसतो. काकांचं सहा-सात आठवड्यांनी दहाच्या वर गेलं आणि एक दिवस ते स्वतः चालत दुकानात आले. काउंटरला हात टेकून उभे राहिले, पण आले.

तुमचा तिसरा मुद्दा, ‘औषधाने ड्रिबलिंग येत नाही’, वाचताना मला तेच काका आठवले. काकांना कौशल्य आलं नाही, दम आला. हेच धडधाकट माणसाला दिलं तर? ड्रिबलिंग त्याला आधीच येतं. एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळून झाल्यावर, ऐंशीव्या मिनिटाला, पायाला गोळे येत असताना ते शाबूत राहतं का, प्रश्न एवढाच. आणि बुधवारी युरोपात खेळून रविवारी पुन्हा लीगमध्ये ते तसंच राहतं का. मे महिन्यात शाहू स्टेडियमवर बसलेल्या कोणालाही विचारा, सत्तराव्या मिनिटानंतर चांगली पोरंही पास कुठे देतात. गॅलरीतून ज्या शिव्या पडतात त्या कौशल्याला नसतात, दमाला असतात. दोन-तीन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा दुकानात आला, म्हणाला, “काका, ताकदीचं काय इंजेक्शन मिळतंय का, उद्या मॅच हाय.” त्याला ओआरएसच्या चार पुड्या दिल्या आणि लवकर झोप म्हटलं. तोंड वाकडं करून गेला.

हे ‘ताजे पाय’ डोक्यात ठेवा, कारण तुमच्या चौथ्या मुद्द्याचं उत्तर तिथेच आहे.

१९९३ चा मे महिना. फ्रान्सच्या मार्से क्लबाला २६ तारखेला म्युनिकमध्ये एसी मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल खेळायची होती. त्याआधी सहा दिवस, २० तारखेला, व्हॅलेन्सिएनशी लीगचा सामना. व्हॅलेन्सिएन तळाला झगडणारा संघ, मार्से त्यांना एरवीही हरवू शकलं असतं. पण हरवताना कोणी आडवं घातलं, कोणाचा घोटा गेला तर? म्हणून व्हॅलेन्सिएनच्या तीन खेळाडूंना गाठलं: जरा सांभाळून खेळा, पाय मारू नका. पाकीट ठरलं. अडीच लाख फ्रँक. क्रिस्तोफ रोबेर नावाच्या खेळाडूच्या घरी ते पोचलं आणि पुढे पेरिगोर भागात त्याच्या नात्यातल्या एका बाईच्या बागेत, मातीखाली गेलं. पोलिसांनी खणून काढलं. फ्रान्सचा सगळ्यात मोठा क्लब, माजी मंत्री राहिलेला मालक बर्नार तापी, आणि पैसे कुठे, तर बागेत पुरलेले. सोनं परसात पुरणाऱ्या आपल्या आज्या निदान स्वतःचं पुरायच्या.

तर मार्सेने काय विकत घेतलं? विजय नाही. सहा दिवसांनी लागणारे ताजे पाय विकत घेतले. फायनल त्यांनी १-० जिंकली. एक संघ जे बाटलीतून घेतो ते दुसऱ्याने पाकिटातून घेतलं, गरज तीच. हे वेगळे विषय आहेत असं मला म्हणूनच वाटत नाही.

त्या तिघांतला जाक ग्लासमन हा एकटा बोलला. त्याचं पुढे काय झालं हे मला या सगळ्यात सर्वात जास्त लागतं. तापी तुरुंगात गेले, मार्सेची त्या वर्षीची लीग काढून घेतली, त्यांना दुसऱ्या विभागात ढकललं, हे सगळं झालं. पण मैदानामैदानावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती ग्लासमनची. त्याची कारकीर्द हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर विरत गेली. १९९५ मध्ये फिफाने त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला, पण मोठ्या क्लबाने त्याला घेतल्याचं काही दिसत नाही.

झेमनबद्दल तुम्ही लिहिलंय की तो जन्माचा युव्हेंटसद्वेष्टा. अहो, त्याचा सख्खा मामा चेस्तमिर व्हिट्सपालेक हा युव्हेंटसचा खेळाडू आणि मग प्रशिक्षक, १९७२ आणि १९७३ च्या दोन लीग त्याने तुमच्या क्लबाला जिंकून दिल्या. द्वेष म्हणावा तर मामाच्या घरचाच. आणि झेमन १९९८ मध्ये नेमकं काय म्हणाला? फुटबॉलने औषधाच्या दुकानांतून आणि पैसेवाल्यांच्या कचेऱ्यांतून बाहेर पडायला हवं. दोन्ही एका वाक्यात, तेव्हाच. पुढच्या उन्हाळ्यात रोमाने त्याला नारळ दिला.

२००६ चं तर तुम्हाला मी काय सांगायचं. युव्हेंटसचे लुचियानो मोज्जी आणि पंच नेमणारी मंडळी यांची फोनवरची बोलणी छापून आली, दोन लीग गेल्या, संघ सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागात गेला. मोज्जींबरोबर बंदी कोणावर आली? जिराउदोंवर. आधी पाच वर्षं, पुढे आजन्म. होय, तेच, औषधांच्या खटल्यात पहिल्याच फेरीत सुटलेले. यावरून औषधांबद्दल काही सिद्ध होत नाही, मान्य. पण ‘एवढी प्रतिष्ठित माणसं असं कशाला करतील’ हे तुमचं वाक्य मात्र मागे घ्या.

‘नावं का घेत नाही, हिंमत नाही का?’ असंही तुम्ही विचारलंय. खरंच नाही. फ्रान्सच्या ‘ल मोंद’ने डिसेंबर २००६ मध्ये खेळाडूंच्या रक्त-डोपिंगच्या प्रकरणात अडकलेले स्पेनचे डॉक्टर फुएन्तेस आणि तिथले दोन मोठे क्लब यांचा संबंध जोडणारी बातमी छापली. रेआल माद्रिद न्यायालयात गेलं, स्पेनमध्ये जिंकलं: क्लबाला तीन लाख युरो, शिवाय वैद्यकीय चमूतल्या एकाला तीस हजार. वसुली फ्रान्समध्ये करायची की नाही यावर भांडण चालू राहिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की नुकसानभरपाईच्या असल्या रकमेने वृत्तपत्र-स्वातंत्र्याची उघड पायमल्ली होत असेल तर फ्रान्सने ती वसूल करायला नकार द्यावा. अठरा वर्षं. त्या वृत्तपत्राकडे वकिलांची फौज आहे, माझ्याकडे एक हिशेबनीस आहे तोही अर्धवेळ. आणि तुम्ही पुन्हा बातमी खोटी ठरली म्हणायच्या आधी एवढं सांगतो की २०१३ मध्ये माद्रिदच्या न्यायालयात फुएन्तेसनी स्वतःच आपल्याकडे फुटबॉलपटूही यायचे असं सांगितलं. ती नावं न्यायालयाला नको होती.

युव्हेंटसवरच का लिहिता, मिलानवाले आहात का, याचं उत्तर: नाही. गोव्यावर लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं का? २००४ मध्ये तिथल्या दुसऱ्या विभागात वर चढायला गोलफरक हवा म्हणून एका सामन्यात ५५-१ आणि दुसऱ्यात ६१-१ असे निकाल लागले होते. दीड मिनिटाला एक गोल! चारही क्लबांवर वर्षभर बंदी आली. त्याला ना डॉक्टर लागला ना बाग.

तुम्ही पॉल पोग्बाचं उदाहरण देऊन म्हणालात की आता यंत्रणा कडक आहे, युव्हेंटसचाच खेळाडू असूनही पकडला. हे मला पटतं. ऑगस्ट २०२३ च्या सामन्यानंतर त्याचा नमुना सापडला, चार वर्षांची बंदी लागली, ती क्रीडा लवादाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अठरा महिन्यांवर आणली. पण त्यात क्लबाला कोणी काही विचारलं का? युरोपची फुटबॉल संघटना युएफा हिच्या स्पर्धांत तर संघाला धक्का लागायला एकाच संघातले दोनाहून जास्त खेळाडू सापडावे लागतात. एकटा खेळाडू पकडणं आता जमतं. कपाटं कोण उघडणार, हे माझ्या लेखात विचारलं होतं आणि त्याला तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत एका ओळीचंही उत्तर नाही.

१९९६ चा चॅम्पियन्स लीगचा कप तुमचाच आहे, तो मी मागत नाही. युगोविचने शेवटची पेनल्टी मारली तेव्हा मीही ओरडलो होतो. बाकी पुढच्या प्रतिक्रियेत बोलू. काकांचा मुलगा काउंटरवर उभा आहे, बर्फाचं पाकीट काढायचंय.